उजव्या वळणाला वेगळा सिग्नल कधी मागावा?

चौकात मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी दोन मागण्या हमखास ऐकू येतात. गतिरोधक टाका, नाहीतर सिग्नल बसवा. मग रास्ता रोको होतो, निवेदन दिलं जातं, साहेब येऊन पाहून जातात. पण त्या चौकाचं नेमकं दुखणं काय, हे तपासायचं राहूनच जातं. बऱ्याच ठिकाणी सगळा चौक धोक्याचा नसतो. धोक्याचं असतं ते एकच वळण, आणि बहुतेक वेळा उजवं.

मांडवगण फराट्याच्या माणसाला गावात सिग्नलची गरज वाटत नसेल, पण गावाबाहेर पडलं की चौक येतातच. शिरूरकडे निघालं की न्हावरा, पुणे–नगर रस्त्याला लागायचं तर शिक्रापूर, भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरलं की पुणे–सोलापूर महामार्गावरचा केडगाव-चौफुला. उसाच्या ट्रॉल्या, दुधाचे टेम्पो, रांजणगाव एमआयडीसीच्या कामगारांच्या बस, एसटी आणि मोटारसायकली, सगळ्यांना कुठे ना कुठे उजवीकडे वळावंच लागतं.

आपण डावीकडून वाहन चालवतो. डावीकडे वळणारा कडेकडेने निघून जातो, उजवीकडे वळणाऱ्याला मात्र समोरून येणारी रांग कापून जावं लागतं. अमेरिकेत लोक उजवीकडून चालवतात, म्हणून तिथले अभियंते हाच विचार डाव्या वळणासाठी करतात. त्यांचे ठोकताळे आपल्याला कामी येतात, फक्त त्यांचं डावं वळण म्हणजे आपलं उजवं, एवढं लक्षात ठेवायचं.

पहिला प्रश्न: चौकाला सिग्नल तरी हवा का?

बाणाचा दिवा मागण्याआधी साधा सिग्नल तिथे बसतो का, हे पाहावं लागतं. त्याचे निकष आपल्याकडे लिहिलेले आहेत. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. या संस्थेची ‘आयआरसी ९३ : १९८५’ ही पुस्तिका रस्त्यावरच्या सिग्नलसाठी आहे. तिच्यातले मुख्य निकष थोडक्यात असे:

• आठ तासांची सरासरी धरून, दोन्ही रस्ते एकेका लेनचे असतील तर मोठ्या रस्त्यावर दोन्ही दिशांनी मिळून ताशी ६५० वाहनं आणि लहान रस्त्यावरून एका दिशेने ताशी २०० वाहनं. दोन्ही रस्ते दोन किंवा अधिक लेनचे असतील तर हेच आकडे ८०० आणि २५०.

• लहान रस्त्यावर गर्दी कमी, पण मोठ्या रस्त्याची रांग तुटतच नसेल तर मोठ्या रस्त्यावर ताशी १,००० आणि लहान रस्त्यावर १००.

• पायी रस्ता ओलांडणारे तासाला दीडशे किंवा जास्त असतील आणि मोठ्या रस्त्यावर ताशी ६०० वाहनं असतील, तर त्यांच्यासाठीही सिग्नल लागतो.

• बारा महिन्यांत पाच किंवा अधिक नोंदवलेले अपघात.

यातला ‘आठ तास’ हा शब्दप्रयोग नीट वाचावा. सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी शिफ्ट सुटताना अर्धा-अर्धा तास कोंडी होते आणि बाकी दिवस चौक मोकळा असतो, अशा जागी पूर्ण वेळचा सिग्नल बसवला तर काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. समोर कोणी नसताना लाल दिव्याला थांबायला माणूस कंटाळतो. आठवडाभरात लाल दिवा मोडायची सवय लागते, आणि मग हिरवा बघून निघालेल्याचा जीव धोक्यात येतो. जिथे कोणी पाळत नाही, तिथे सिग्नल नसलेलाच बरा.

दुसरा प्रश्न: उजव्या वळणाला वेगळी वेळ हवी का?

सिग्नल बसतो असं ठरलं, तर उजवं वळण तीन तऱ्हांनी चालवता येतं. पहिली तऱ्हा म्हणजे फक्त गोल हिरवा दिवा. समोरच्या बाजूलाही त्याच वेळी हिरवा असतो, वळणाऱ्याने समोरची वाहनं जाऊ द्यायची आणि फट मिळाली की वळायचं. दुसऱ्या तऱ्हेत उजवा हिरवा बाण लागतो आणि तेवढा वेळ समोरची रांग लाल दिव्याला उभी असते. तिसरी तऱ्हा आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसते. चारही बाजूंना एकामागून एक हिरवा द्यायचा. ज्या बाजूला हिरवा, तिने सरळ, डावं, उजवं सगळं उरकायचं. यात उजवं वळण आपोआप सुरक्षित होतं, पण प्रत्येकाला बाकीच्या तिघांची वेळ संपेपर्यंत ताटकळावं लागतं.

यातली कोणती तऱ्हा निवडायची, हे ठरवायला पुढचे पाच प्रश्न विचारावेत. चारही बाजूंना सरसकट एकच उत्तर लावू नये, प्रत्येक बाजूसाठी ते वेगळं काढावं.

१. वळणारे किती आणि समोरून येणारे किती? अमेरिकेतल्या ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’मधला ठोकताळा सोपा आहे. एका तासात वळणारी वाहनं आणि त्याच तासात समोरून येणारी वाहनं यांचा गुणाकार करायचा. समोर एक लेन असेल आणि गुणाकार ५०,०००च्या वर गेला, तर वेगळ्या बाणाचा विचार करावा. समोर दोन लेन असतील तर मर्यादा ९०,०००. एकट्या वळणाऱ्यांचीच संख्या ताशी २४०च्या वर गेली, तर गुणाकार न करताही बाण द्यावा, असं तिथे मानतात.

२. समोरून येणारा किती लेनमधून आणि किती वेगाने येतो? एका लेनमधली फट डोळ्यांनी जोखता येते. दोन-तीन लेन असल्या की पहिल्या लेनमधला ट्रक थांबून हात दाखवतो आणि त्याच्या आडून मोटारसायकल सुसाट येते. अशा ठिकाणी गोल हिरव्यावर वळण सोडू नये.

३. समोरचं दिसतं का? वळण, चढ, टपऱ्या, फलकांची गर्दी किंवा समोरच्या बाजूला उजवीकडे वळायला उभा असलेला ट्रक, यांतलं काहीही नजर अडवू शकतं. दिसत नसेल तर गुणाकार कितीही लहान असो, बाण द्यावा किंवा ते वळणच बंद करावं.

४. उजव्या वळणातच अपघात होतात का? वर्षभरातल्या नोंदी काढून पाहाव्यात. मागून आदळणं, पायी माणसाला उडवणं आणि वळताना समोरच्याने ठोकणं हे तीन वेगवेगळे आजार आहेत. बाण फक्त तिसऱ्यावर चालतो.

५. वळणारे एका हिरव्यात उरकतात का? दरवेळी दोन-तीन वाहनं उरतात, पिवळ्या-लालमध्ये घुसून वळतात, असं दिवसभर दिसत असेल, तर त्या वळणाला स्वतःची वेळ हवी आहे.

मोजताना डोकी मोजू नका, वजन मोजा

वरचा गुणाकार अमेरिकेतल्या मोटारींचा आहे. आपल्या रस्त्यावर त्याच तासात मोटारसायकल, बैलगाडी आणि डबल ट्रॉली असते. म्हणून आपल्याकडे सगळी वाहनं मोटारीच्या मापात आणायची पद्धत आहे. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या ‘आयआरसी ६४ : १९९०’ या पुस्तिकेत मोटार १ धरली तर दुचाकी अर्धी, हलकं मालवाहू वाहन दीड, बस किंवा ट्रक ३, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी ८. उसाची बैलगाडी वळायला निघाली की आठ मोटारींएवढी जागा आणि वेळ खाते, हे आपल्या भागातल्या कोणालाही पटेल.

याचा परिणाम किती होतो, ते एका कल्पित मोजणीवरून पाहू. समजा, गळीत हंगामातल्या एका तासात एका बाजूने उजवीकडे वळल्या ४० दुचाकी, २५ मोटारी, ६ ट्रक आणि २० उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. नुसती वाहनं ९१. मोटारीच्या मापात २० अधिक २५ अधिक १८ अधिक ९०, म्हणजे १५३. समोरून एका लेनमध्ये आल्या १६० दुचाकी, ९० मोटारी, ३० ट्रक आणि २० ट्रॉल्या. वाहनं ३००, माप ३५०.

वाहनांचा गुणाकार २७,३००. मापाचा गुणाकार ५३,५५०. पहिला आकडा पाहून साहेब म्हणतील गरज नाही, दुसरा पाहून फाइल उघडावी लागेल. आणि हाच चौक पावसाळ्यात मोजला, ट्रॉल्या दोन्हीकडून गायब, तर वळणारे ६३ आणि समोरचे २६०. गुणाकार १६,३८०. जूनमध्ये केलेली मोजणी जानेवारीच्या चौकाबद्दल काहीच सांगत नाही.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला संपतं. पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा, जातेगावचा व्यंकटेशकृपा, अशा कारखान्यांकडे या भागातून ऊस जातो. ज्या वर्षी जो कारखाना चालू, त्या वर्षी त्याच्या वाटेवरचं वळण भरतं. म्हणून मोजणी दोनदा करावी, एकदा हंगामात आणि एकदा हंगामाबाहेर. शिवाय एक साधा दिवस आणि एक आठवडे बाजाराचा दिवस घ्यावा.

आणखी एक हिशोब ट्रॉलीच्या लांबीचा. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर कापते. भरलेल्या डबल ट्रॉलीला वळून पूर्ण बाजूला व्हायला समजा १२ सेकंद लागले, तर समोरची गाडी सुमारे २६५ मीटर लांब असतानाच तिला निघावं लागेल. आपल्या चौकात उभं राहून घड्याळ लावा, ट्रॉलीला किती सेकंद लागतात ते पाहा आणि तेवढं अंतर खरंच दिसतं का, ते मोजा. रात्री ट्रॉलीच्या मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसेल तर हा सगळा हिशोब कोलमडतो. मागून येणाऱ्याला ती दिसतच नाही, आणि त्यावर सिग्नलचा इलाज नाही.

बाणाची किंमत

उजव्या बाणाला वेळ द्यायची म्हणजे ती कोणाकडून तरी काढून घ्यायची. दिवा बदलला की पहिली गाडी हलायला दोनेक सेकंद जातात, पुढे पिवळा, आणि चौक मोकळा व्हायला सगळीकडे क्षणभर लाल. एक जादा पाळी घातली की दर फेऱ्याला, म्हणजे सगळ्या बाजूंची पाळी एकदा पुरी होईपर्यंत, चार-पाच सेकंद वाया जातात. फेरा ९० सेकंदांचा असेल तर तासाला ४० फेरे, आणि पाच सेकंदांप्रमाणे तासाची तीन मिनिटं वीस सेकंद कोणीच हलत नाही. गर्दी वाढली म्हणून फेरा लांबवला की रांगाही लांबतात. फेरा दोन मिनिटांच्या पुढे गेला की लोकांचा धीर सुटतो.

चारही बाजूंना आळीपाळीने हिरवा देण्याची आपली सवय याच हिशोबात तपासावी. चारांपैकी एकाच बाजूचं उजवं वळण जड असेल, तर फक्त त्या बाजूला बाण द्यावा आणि बाकीच्या समोरासमोरच्या बाजू एकत्र सोडाव्यात. त्यात सगळ्यांचा वेळ वाचतो.

पट्टा नाही, तर बाण नाही

बाणाची मागणी करताना सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे वळणाऱ्याला उभं राहायला स्वतःची जागा. उजव्या कडेला वेगळा पट्टा नसेल, तर बाण लागतो तेव्हा सगळ्यांत पुढे सरळ जाणारा ट्रक उभा असतो. तो हलू शकत नाही आणि मागचा वळू शकत नाही. बाण जळून विझतो, चौक तिथेच.

पट्टा किती लांब हवा, याचं गणितही अवघड नाही. वरच्या उदाहरणात तासाला १५३ माप, ४० फेरे, म्हणजे फेऱ्याला जवळजवळ ४. गर्दी कधी सारखी येत नाही, म्हणून दुप्पट धरायची, ८. मोटारीला सहा मीटर धरले तर ४८ मीटर. त्यातच डबल ट्रॉली आली तर आणखी जागा लागेल. दुभाजक रुंद असेल तर त्यातून हा पट्टा कोरता येतो. नसेल तर रस्ता रुंद करावा लागतो, आणि मग जमिनीचा, टपऱ्यांचा, विजेच्या खांबांचा प्रश्न येतो. म्हणून पट्ट्याचा विचार आधी करावा, दिव्याचा नंतर.

सिग्नलच्या आधी काय करून पाहावं

गावाबाहेरच्या भरधाव रस्त्यावर सिग्नल हा पहिला उपाय कधीच नसतो. ताशी ८०-९०ने येणाऱ्याला अचानक लाल दिसला की मागचा त्याच्यावर आदळतो. सिग्नलमुळे आडवे अपघात घटतात, पण मागून आदळण्याचे वाढू शकतात, हा जगभरचा अनुभव आहे. त्याआधी पुढचे उपाय करून पाहण्यासारखे आहेत.

टपऱ्या, फलक आणि उभी वाहनं चौकाच्या तोंडापासून हटवावीत. खर्च सगळ्यांत कमी आणि फायदा लगेच. चौकाच्या आधी रंबल पट्ट्या, ठळक फलक आणि रात्रीचे दिवे लावावेत. लहान रस्ता मोठ्याला तिरका मिळत असेल तर तो काटकोनात आणावा, म्हणजे वळणारा थांबून दोन्हीकडे पाहतो. चारही बाजूंनी मिळून ताशी वाहनं तीन हजारांच्या आत असतील आणि जागा असेल, तर गोल चौक म्हणजे रोटरी चांगली चालते. मुळात वेगच कमी होतो.

उजवं वळण पूर्ण बंद करून पुढे यू-टर्न देणं हाही एक मार्ग आहे. पुण्यात नगर रस्त्यावरच्या काही चौकांत वाहतूक पोलिसांनी हा प्रयोग केला आहे. पण मोटारीला जमणारा यू-टर्न डबल ट्रॉलीला जमत नाही. आपल्या भागात तो मागायचा असेल, तर वळायची जागा ट्रॉलीच्या मापाने ठेवावी लागेल.

आणि प्रश्न फक्त हंगामाचा असेल, तर उत्तरही हंगामाचं असू शकतं. गाळपाच्या काळात ठरावीक तासांना पोलीस किंवा कारखान्याने दिलेली माणसं वळणावर उभी करणं आणि ट्रॉल्यांना शाळा-शिफ्टच्या वेळा टाळायला लावणं, याला दिव्यापेक्षा कमी खर्च येतो. सिग्नल असेलच, तर त्याच्या यंत्रात हंगामाचं आणि बिगर-हंगामाचं अशी दोन वेगळी वेळापत्रकं भरून ठेवावीत.

मागणी कोणाकडे, काय घेऊन?

रस्ता कोणाचा, ते आधी पाहा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. त्याप्रमाणे महामार्गाची यंत्रणा, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद यांच्याकडे जावं लागतं. सिग्नल आणि वळणबंदीत पोलिसांचंही म्हणणं लागतं. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारी जागा म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती.

अपघातांची नोंद पोलीस ठाण्यातून घ्यावी. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले असतील, तर ती जागा केंद्राच्या व्याख्येप्रमाणे ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. तशी नोंद झाली की दुरुस्तीसाठी पाठपुरावा सोपा होतो.

निवेदनाला एवढं जोडा: चौकाचा हाताने काढलेला नकाशा आणि रुंदीची मापं, हंगामातली आणि हंगामाबाहेरची मोजणी, प्रत्येक बाजूचा गुणाकार, वर्षभरातले अपघात वळणांनुसार वेगळे करून, ट्रॉलीला वळायला लागणारे सेकंद आणि ग्रामसभेचा ठराव. मोजणीला यंत्र लागत नाही. कॉलेजची चार मुलं, चार वह्या आणि प्रत्येक बाजूला एकजण बसला की काम होतं. तासाचे चार भाग करून पंधरा-पंधरा मिनिटांनी आकडे लिहावेत, म्हणजे गर्दीची नेमकी वेळ कळते.

आपली मोजणी म्हणजे अंतिम आराखडा नव्हे. तो अभियंत्यानेच करायचा असतो. पण आकडे हातात असले की चर्चेचा सूर बदलतो. ‘बघतो, पाठवतो’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यालाही कागदावर कारण लिहावं लागतं. तेव्हा पुढच्या हंगामाची पहिली ट्रॉली रस्त्यावर येण्याआधी आपल्या वाटेवरचा एक चौक निवडा आणि मोजणीला बसणाऱ्यांची नावं ठरवा. सिग्नल मागायचा, पट्टा मागायचा की नुसती टपरी हलवायची, ते आकडेच सांगतील.